हौशी यंत्रकार आणि उंसाचें पाणी

वारणाकांठच्या कित्येक घरांतून हल्लीं एक नवें दृश्य दिसूं लागलें आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारा किंवा नुकताच नोकरीस लागलेला घरचा तरुण सुटीच्या दिवशीं माडीवर बसून तांब्याच्या तारा, सोल्डरिंग गन, जुना मोबाइल व पोस्टकार्डाहून लहान अशी एक निळी पाटी घेऊन कांहीं जुळवाजुळव करीत असतो. मध्येंच संगणकावर चार ओळी लिहितो आणि पुन्हां तारांकडे वळतो. वडील मंडळींस हा वेळेचा व पैशाचा अपव्यय वाटतो. प्रस्तुत लेखांत आम्ही या हौसेची बाजू घेणार आहों, परंतु एका अटीवर. ती अट अशी कीं, ही हौस माडीवरून उतरून उंसाच्या सरींत आली पाहिजे. ती तेथें कशी आणावी याचा एक धडाही पुढें दिला आहे.

प्रथम ही पाटी म्हणजे काय तें पाहूं. तिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड म्हणतात. तिच्यावरील काळा तुकडा हा एक लहानसा संगणकच होय. मात्र त्यास पडदा नाहीं, कळफलक नाहीं, आणि त्याजकडे सोंपविलेलें काम बहुधा एकच असतें. पाटीच्या कडेस जीं बारीक भोकें असतात त्यांपैकीं कांहींतून तो बाहेरची स्थिति जाणून घेतो व कांहींतून हुकूम सोडतो. मधला विचार प्रोग्राम करितो. प्रोग्राम म्हणजे गड्यास सकाळीं सांगून ठेवलेला कामांचा क्रमच. परंतु हा गडी असा विलक्षण कीं, सांगितलेलें तो अक्षरशः करितो आणि न सांगितलेलें कांहींच करीत नाहीं. 'पाणी भरलें कीं मोटार बंद कर' एवढें आपण गड्यास सांगतों; मध्येंच पाइप फुटला तर काय करावें हें त्यास निराळें सांगावें लागत नाहीं. या पाटीस तें सर्व आधीं सांगावें लागतें. हौशी माणसाचा निम्मा वेळ या 'तर काय' च्या विचारांतच जातो, आणि आमच्या मतें या छंदाचा खरा लाभ तोच आहे. पाण्याच्या कामांत काय काय बिघडूं शकतें याचा इतका बारीक विचार आपणांपैकीं फारच थोड्यांनीं कधीं केला असेल.

इटलींतील इव्हरिया या गांवीं २००५ सालीं कांहीं अध्यापकांनीं आपल्या विद्यार्थ्यांसाठीं 'आर्डुइनो' नांवाची अशी पाटी तयार केली. विद्युत्शास्त्र न शिकलेल्यासही ती वापरतां यावी हा त्यांचा हेतु होता. तिचे आराखडे व प्रोग्राम त्यांनीं गुप्त न ठेवतां सर्वांस खुले केले. चांगल्या जातीच्या उंसाचें बेणें एकानें दुसऱ्यास द्यावें, त्यानें तें वाढवून तिसऱ्यास द्यावें, तसाच हा व्यवहार. घेणारानें कांहीं सुधारणा केली तर तीही त्यानें पुढच्यास द्यावी एवढाच संकेत. पुढें २०१४ सालीं शांघाय येथील एका कंपनीचा 'ईएसपी ८२६६' हा बिनतारी संदेश पाठविणारा तुकडा बाजारांत आला, आणि जें काम पूर्वीं मोठ्या कारखान्यासच परवडे तें कांहींशें रुपयांत कोणाही विद्यार्थ्याच्या हातीं आलें.

आपल्या भागांत या हौसेचें पहिलें लक्ष्य बहुधा विहिरीवरील किंवा नदीवरील मोटार हेंच असतें, आणि त्यास कारणही सबळ आहे. शेतीपंपांस तीन फेजची वीज फीडरच्या वेळापत्रकाप्रमाणें कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं देण्याची रीत महाराष्ट्रांत दीर्घकाळ चालत आली आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेनें दिवसा वीज देण्याचा प्रयत्न सुरू झाला. ज्या फीडरवर ती पोंचली तेथील शेतकऱ्यास रात्रीची झोप परत मिळाली. जेथें ती पोंचली नाहीं तेथें अपरात्रीं बॅटरी घेऊन, ओढा ओलांडून, उंसाच्या दाटणींतून स्टार्टरपर्यंत जाणें चुकत नाहीं. पायाखालीं साप असेल कीं चिखल हें त्या अंधारांत कळत नाहीं. आणि इतकें करून तेथें पोंचावें तों एक फेज गेलेला असावा, हाही अनुभव नवा नाहीं.

या कष्टावर ज्यांनीं उपाय शोधला त्यांत पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचें नांव अवश्य घेतलें पाहिजे. आपल्या वृद्ध आजोबांस मोटार चालू-बंद करण्यासाठीं वेळीं-अवेळीं शेतावर जावें लागे हें त्यांनीं पाहिलें होतें. त्या विचारांतून मोबाइलवरून मोटार चालू वा बंद करणारें आणि लाइट आहे कीं नाहीं हें घरबसल्या कळविणारें 'नॅनो गणेश' हें यंत्र निर्माण झालें. २००९ सालीं नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें. मोठ्या प्रयोगशाळेंत बसून 'शेतकऱ्यास काय हवें' असा प्रश्न विचारून हें यंत्र झालेलें नाहीं. ज्याच्या घरांत ती रात्रीची पायपीट होती त्याच्याच हातून तें झालें. आपल्या घरच्या तरुणाकडून आम्ही आशा धरतों ती याच जातीची.

परंतु येथेंच एक धोका आहे, आणि तो स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. पाणी देणें सोपें झालें कीं तें जास्त दिलें जातें. ज्यांनीं स्टार्टरवर 'ऑटो' बसविला आहे त्यांची मोटार लाइट आली कीं आपोआप सुरू होते आणि लाइट जाईपर्यंत चालते. जमिनीस तहान आहे कीं नाहीं हें तेथें कोणीच विचारीत नाहीं. कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या कांठच्या काळ्या, भारी जमिनींत याचा परिणाम काय होतो तो आपण डोळ्यांनीं पाहतों. जादा पाणी खालीं मुरतें, निचरा नसल्यामुळें तेथेंच सांचतें, भूजलाची पातळी मुळांपर्यंत चढते, आणि त्या पाण्याबरोबर वर आलेले क्षार पृष्ठभागावर पांढरे होऊन बसतात. प्रथम उंसाचे फुटवे कमी होतात, मग पीक खुरटतें, आणि अखेर तेथें गवतही धड उगवत नाहीं. शिरोळ तालुक्यांत अशा क्षारपड जमिनी पुन्हां वहितीस आणण्यासाठीं जमिनीच्या पोटांत सच्छिद्र पाइप घालून निचरा काढण्याचें मोठें काम श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें झालें आहे. तें काम स्तुत्य आहे. पण त्यास लागणारा पैसा व श्रम पाहिले म्हणजे रोग होऊं न देणें किती स्वस्त हें कळून येतें.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, हौशी तरुणानें मोटार चालू करणारें यंत्र प्रथम करूं नये. जमिनीस विचारणारें यंत्र प्रथम करावें. ज्या घरांत पहिलें आहे आणि दुसरें नाहीं, त्या घरानें आपली जमीन बिघडविण्याची सोय बसल्या जागीं करून घेतली असें म्हणावें लागेल.

आतां तें यंत्र केवढें असावें? मुलांचा ओढा साहजिकच मोठ्या रचनेकडे असतो. शेतांत दहा ठिकाणीं यंत्रें बसवावींत, तीं एकमेकांशीं बोलावींत, सारी माहिती मोबाइलच्या पडद्यावर रंगीत आलेखांनीं दिसावी, असा त्यांचा मनोदय असतो. या बाबतींत खुद्द वारणानगरचा इतिहास फार बोधप्रद आहे. तात्यासाहेब कोरे यांनीं सहकाराच्या बळावर या माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याभोंवतीं दूधसंघ, बाजार, शाळा-महाविद्यालयें अशा संस्था वाढल्या, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्याच वारणानगरीं १९९८ सालीं केंद्र सरकार, राज्य सरकार, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र व वारणा समूह यांनीं मिळून 'वायर्ड व्हिलेज' नांवाचा प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवें त्यांत घेतलीं होतीं. गांवोगांवच्या केंद्रांत संगणक बसवून ते कारखान्याशीं जोडले गेले. आपला ऊंस किती भरला, खत किती उचललें, हिशेब काय झाला, हें शेतकऱ्यास गांवांतच कळावें अशी योजना होती. त्या काळीं, जेव्हां पुष्कळ शहरांतूनही संगणक दुर्मिळ होता, तेव्हां हें धाडस लहान नव्हतें, आणि देशोदेशींच्या अभ्यासकांनीं त्याची दखल घेतली.

कांहीं वर्षांनीं, २००६ च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधन-शाखेचे राजेश वीरराघवन, केंतारो तोयामा व त्यांचे सहकारी यांनीं या केंद्रांचा बारकाईनें अभ्यास केला. त्यांस असें आढळलें कीं, त्या संगणकांचा उपयोग मुख्यत्वें उंसाच्या हिशेबाची माहिती ने-आण करण्यापुरताच होत होता. एवढ्या कामास एवढें यंत्र कशास, असा विचार करून त्यांनीं सात गांवांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रांतील संगणकाचें सर्व काम साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांनीं चालविलें. शेतकऱ्यानें संदेश पाठवावा आणि कारखान्यांतील संगणकानें आपोआप उत्तर धाडावें, इतकीच ती व्यवस्था. ती स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांस अधिक पसंत पडली. यावरून पहिला प्रकल्प व्यर्थ गेला असें आम्ही मुळींच समजत नाहीं. संगणकांनीं कोणतें काम खरोखर होतें हें त्या पहिल्या प्रकल्पामुळेंच कळलें. परंतु ज्या संशोधकांस वाटेल तेवढें मोठें यंत्र आणतां आलें असतें त्यांनीं लहान यंत्र निवडलें, ही गोष्ट माडीवरच्या तरुणानें भिंतीवर लिहून ठेवावी इतक्या मोलाची आहे.

तेव्हां आपलें यंत्र आपण शक्य तितकें लहान करूं. दहा ठिकाणीं दहा पाट्या नकोत, सिम नको, आलेख नको. जमिनींत फक्त ठोकळे पुरावयाचे, त्यांच्या तारा बांधावर आणावयाच्या, आणि सकाळीं फेरी मारतांना हातांतील एकच मापक त्या तारांस लावून अंक वाचावयाचा. गांवच्या मुलांच्यानें हें होईल काय, अशी शंका ज्यांस येईल त्यांनीं पुणें जिल्ह्यांतील पाबळचा विज्ञान आश्रम आठवावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तो स्थापिला. शाळेंत न रमलेलीं खेड्यांतील मुलें तेथें हातानें कामें करून शिकत आलीं. भूजल शोधण्यासाठीं जमिनीचा विद्युत्-रोध मोजण्याचें यंत्रही तेथें वापरांत आलें. २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या साह्यानें तेथें 'फॅब लॅब' निघाली, तेव्हां अमेरिकेबाहेर तसली प्रयोगशाळा प्रथम निघाली ती या कोरडवाहू गांवांत, हें आपणांस भूषणावह आहे. आपण जें करणार आहों तेंही रोध मोजण्याचेंच काम आहे.

बाजारांत ओलावा मापण्याच्या दोन पायांच्या स्वस्त पट्ट्या मिळतात. त्या घेऊं नयेत. त्यांतून एकाच दिशेनें वीज वाहत राहिल्यामुळें एक पाय थोड्याच दिवसांत झिजून जातो, आणि खत पडलें कीं ओलावा न वाढतांही त्या ओलावा वाढल्याचें सांगतात. त्यापेक्षां अमेरिकेंत मिशिगन येथील जॉर्ज बूयूकॉस यांनीं १९४० सालीं पुढें आणलेला जिप्समचा ठोकळा घरीं ओतणें चांगलें. तत्त्व सोपें आहे. जिप्समचा सच्छिद्र ठोकळा जमिनींत पुरला म्हणजे भोंवतालच्या मातीप्रमाणें तोही ओला वा कोरडा होतो. ओला असतां त्यांतून वीज सहज जाते, कोरडा होत जाईल तसतसा रोध वाढतो. ठोकळ्याच्या आंतील पाण्यांत जिप्सम नेहमींच विरघळलेलें असल्यामुळें थोड्याफार खतानें त्याच्या सांगण्यांत फारसा फरक पडत नाहीं.

एक इंची पी.व्ही.सी. पाइपाचे दोन दोन इंचांचे तुकडे कापून त्यांस आंतून किंचित् तेल लावावें. प्रत्येक तुकड्यांत गंज न चढणाऱ्या पोलादाच्या दोन तारा एकमेकींपासून एक सेंटिमीटर अंतरावर उभ्या धराव्यात. त्या कोठेंही एकमेकींस चिकटतां कामा नयेत. नंतर प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यांत कालवून ओतावें. प्लॅस्टर व पाणी हीं दोन्ही तराजूवर तोलून घ्यावींत आणि सर्व ठोकळ्यांस एकच प्रमाण ठेवावें, नाहींतर प्रत्येक ठोकळा निराळी भाषा बोलूं लागेल. बुडबुडे जावेत म्हणून पाइप हलकेच ठोकावा. ठोकळा निघाल्यावर सावलींत चांगला वाळवावा. तारांस जोडलेल्या केबलचा सांधा पाणी न शिरेल असा बंद करावा. आमच्या समजुतीप्रमाणें बहुतेक ठोकळे ठोकळ्यानें बिघडत नाहींत, ते या सांध्यानें बिघडतात.

मापकांत आर्डुइनोची साधी पाटी, १०,००० ओमचा एक रेझिस्टर व अंक दाखविणारी लहान पट्टी एवढें पुरतें. पाटीच्या एका हुकमी भोकापासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून ठोकळा, आणि ठोकळ्यापासून दुसरें हुकमी भोक अशी साखळी जोडावी. रेझिस्टर व ठोकळा जेथें मिळतात तेथून एक तार मापणाऱ्या भोकांत न्यावी. पहिल्या भोकास ५ व्होल्ट दिले व दुसरें शून्यावर ठेवलें म्हणजे तो दाब रेझिस्टर व ठोकळा यांच्यांत ज्याच्या त्याच्या रोधाच्या प्रमाणांत वांटला जातो, आणि पाटी ठोकळ्याच्या वांट्यास आलेला दाब ० पासून १०२३ पर्यंतच्या अंकानें सांगते. ठोकळा भिजलेला असून त्याचा रोध १,००० ओम असेल तर अकरा हिश्शांपैकीं एक हिस्सा त्याच्या वांट्यास येईल व अंक ९३ दिसेल. रोध १०,००० ओम झाला तर निम्मा दाब येऊन अंक ५११ च्या आसपास जाईल. ४०,००० ओम झाला तर ८१८. अंक लहान तर ओल, अंक मोठा तर कोरड, एवढें घरांतील सर्वांस सांगून ठेवावें.

प्रोग्रामानें करावयाचें तें असें. पहिलें भोक चालू करून क्षणाच्या अंशापुरतें थांबावें व अंक वाचावा. लगेच दिशा उलटी करून तितकाच वेळ थांबावें. मग दोन्ही भोकें बंद करावींत. दिशा उलटविण्याचें कारण वर सांगितलेंच आहे: एकाच बाजूनें वीज गेली तर तारा खराब होतात व अंकही हळूहळू सरकत जातो. असें अकरा वेळां करून ते अकरा अंक चढत्या क्रमानें लावावेत आणि सहावा, म्हणजे बरोबर मधला, तेवढाच दाखवावा. सरासरी कां नको, असें कोणी विचारील. शेजारची मोटार सुरू होतांना एखादा अंक भलताच येऊं शकतो. सरासरींत तो एक अंक सर्वांस बिघडवितो, मधल्या अंकास तो हात लावूं शकत नाहीं. हा सारा प्रोग्राम चाळीस-पन्नास ओळींत बसतो. ज्यानें कधीं प्रोग्राम लिहिला नाहीं अशा शहाण्या मुलानेंही दोन-तीन रविवारांत तो पुरा करावा.

ठोकळा पुरण्यापूर्वीं रात्रभर पाण्यांत भिजत ठेवावा. उंसाच्या ओळीजवळ, बेटापासून वीतभर अंतरावर, सळईनें भोक पाडून त्यांत त्याच जागच्या मातीचा पातळ गारा ओतावा आणि त्यांत ठोकळा दाबून बसवावा. भोंवतीं पोकळी राहिली तर ठोकळा हवेची कोरड सांगेल, मातीची नव्हे. काळी जमीन भेगाळते म्हणून हें विशेष जपावें. एका जागीं दोन ठोकळे हवेत. एक आठ इंच खोल आणि दुसरा दीड फूट खोल. वरचा ठोकळा पाणी केव्हां द्यावें हें सांगतो. खालच्याचें काम निराळें व आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें आहे. पाळी होऊन आठ-दहा दिवस गेले, वरचा ठोकळा कोरडा पडत चालला, तरी खालच्याचा अंक हालत नसेल, तर पाणी खालीं सांचून राहिलें आहे असें समजावें. असें पाळीमागून पाळी होऊं लागलें तर पांढरी बुरशी दिसण्याची वाट न पाहतां चर खणून निचरा पाहण्याची वेळ आली आहे.

अंकास अर्थ देणें हें मात्र तरुणाच्या एकट्याचें काम नव्हे. तेथें वडिलांचा हात लागतो. पाणी दिल्यावर जादा पाणी निथळून वाफसा आला असें ज्या दिवशीं अनुभवी माणूस म्हणेल त्या दिवसाचा अंक लिहून ठेवावा. पुढें रोज सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, एकाच वेळीं अंक वाचावा, कारण उष्णतेनेंही रोध बदलतो. आठ इंचांवरील माती मुठींत दाबून पाहावी. गोळा होतो काय, झाल्यास तो टाकतांच फुटतो काय, हें अंकाशेजारीं लिहावें. ज्या दिवशीं हात म्हणेल कीं आतां पाणी पाहिजे, त्या दिवसाचा अंक ही आपली हद्द. दोन-तीन पाळ्यांत ती हद्द पक्की होते. ज्यांस अधिक नेमकेपणा हवा त्यांनीं मातीचा नमुना ओला असतां तोलावा, १०५ अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टींत २४ तास वाळवून पुन्हां तोलावा. ओली माती १३० ग्रॅम व वाळल्यावर १०० ग्रॅम भरली तर ओलावा शेंकडा ३० झाला. अशी भट्टी महाविद्यालयांत किंवा माती-परीक्षण प्रयोगशाळेंत असते. शेजाऱ्याच्या शेतांतील अंक आपल्या शेतास लावूं नये. जमीन निराळी, ठोकळा निराळा.

हा ठोकळा सर्वत्र चालतो असें नाहीं. हलक्या, वाळूमिश्रित जमिनींत तो उशिरां बोलतो; तो कोरड सांगेपर्यंत पीक सुकलेलें असतें. तेथें चिनीमातीच्या टोकाचा टेन्शिओमीटर बरा. आणि जी जमीन आधींच क्षारपड झाली आहे तेथें क्षारांमुळें रोध घटून ठोकळा कोरड्या मातीसही ओली म्हणतो, म्हणून तेथेंही त्याजवर विसंबूं नये.

एक हंगाम हा मापक इमानानें चालला, वहींत अंक भरले, म्हणजे मग मोटारीकडे वळावयास हरकत नाहीं. येथें मात्र आमचा स्वर कडक होणें भाग आहे. ठोकळ्याच्या तारांत ५ व्होल्ट असतात; स्टार्टरच्या पेटींत ४१५ व्होल्ट. तेथें चुकीस क्षमा नाहीं. हौशी माणसाची पाटी मोटारीच्या मुख्य तारांच्या वाटेंत कधींही घालूं नये. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा जो लहान प्रवाह असतो तेवढाच रिलेनें जोडावा वा तोडावा, ओव्हरलोड रिले व सिंगल फेजिंगपासून वांचविणारें उपकरण जेथल्या तेथें ठेवावें, आणि पेटींतील जोडणी लायसेन्सदार वायरमनकडूनच करून घ्यावी. स्टार्टरचीं हिरवीं-तांबडीं बटनें पाटी काढून घेतली तरी पूर्वींप्रमाणें चाललीं पाहिजेत.

प्रोग्रामांतील पहिला 'तर काय' हा: लाइट गेली व परत आली तर काय? 'ऑटो'चें उत्तर 'लगेच सुरू हो' असें असतें. तीन फेजची मोटार सुरू होतांना नेहमीच्या पांच-सातपट प्रवाह ओढते, एका डी.पी.वरील सर्व मोटारी एकाच क्षणीं सुरू झाल्या तर दाब पडतो, कोणतीच मोटार धड उचलत नाहीं आणि डी.पी. जळण्याची पाळी येते. 'ऑटो' काढा व कपॅसिटर बसवा, असें महावितरण वारंवार सांगत आलें आहे तें याचसाठीं. आपल्या पाटीचें उत्तर असें असावें: बंद राहा, मालकास कळव, हुकूम आला तरच सुरू हो; आणि सुरू होण्यापूर्वीं पांच ते वीस मिनिटांपैकीं कोणताही एक काळ चिठ्ठी टाकून काढावा तसा निवडून तेवढें थांब. अशा दहा पाट्या एका डी.पी.वर असल्या तरी त्या सहसा एका क्षणीं उठणार नाहींत. शेजारधर्माचें हें काम दोन ओळींच्या प्रोग्रामानें होतें, म्हणून आम्हांस तें विशेष आवडतें.

दुसरा प्रश्न विहीर आटल्याचा. पाणी तुटलें कीं मोटारीचा प्रवाह नेहमीपेक्षां बराच उतरतो. वायरमनकडून क्लॅम्प मीटरनें नेहमीचा प्रवाह मापून घ्यावा, आणि तो दोन-तृतीयांशाहून खालीं जाऊन दहा सेकंद तसाच राहिला तर मोटार बंद करण्याचा हुकूम पाटीस द्यावा. तिसरा प्रश्न, पाटी स्वतःच अडकून पडली तर काय? त्यासाठीं तिच्यांत 'वॉचडॉग' नांवाची सोय असते. प्रोग्रामानें ठराविक वेळांत हजेरी दिली नाहीं तर तो तिला पुन्हां आरंभापासून सुरू करितो. आरंभाची स्थिति मोटार बंद, हीच असावी. आणि वरच्या ठोकळ्याचा सकाळचा अंक हद्दीच्या आंत, म्हणजे ओलीच्या बाजूस, नोंदला असेल तर चालू करण्याचा हुकूम आल्यावर पाटीनें एकदां उलट विचारावें: जमीन ओली आहे, तरी सुरू करूं काय?

एक गोष्ट राहिली, आणि ती यंत्राची नव्हे. ज्यानें हें सर्व केलें तो मुलगा आज ना उद्यां नोकरीसाठीं पुण्यास किंवा त्याहून दूर जाईल. पुष्कळ घरांतून अशा यंत्रांचा शेवट येथेंच होतो. एक तार सुटते, काय सुटलें तें कोणास कळत नाहीं, आणि पेटी खुंटीस टांगली जाते. म्हणून पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस जोडणीचा आराखडा मराठींत काढून चिकटवावा, प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी, आणि प्रोग्रामांत जो जो फेरफार होईल तो तारखेसह वहींत लिहावा. वही उंसाच्या नोंदीचीच असावी, निराळी नको. लागण, खत, पाळी आणि प्रोग्राम हीं एका पानावर आलीं म्हणजे घरांतील बायकांपैकीं किंवा धाकट्या भावंडांपैकीं कोणीतरी तीं वाचतेंच. त्यांच्यापैकीं एकास तरी मापक वापरावयास व सुटलेली तार जोडावयास शिकविल्याशिवाय मुलानें गांव सोडूं नये.

तोड येण्याच्या आधीं बांधावरील तारा गुंडाळून खुणेच्या काठीस उंच बांधाव्यात, म्हणजे कोयत्याखालीं किंवा ट्रॉलीच्या चाकाखालीं त्या सांपडणार नाहींत. जिप्समचा ठोकळा पाण्यांत हळूहळू विरघळत असल्यामुळें एक-दोन हंगामांत तो झिजतो. खोडव्यास पाणी सुरू करण्यापूर्वीं जुना ठोकळा उकरून पाहावा. कडा गोल झाल्या असतील किंवा तार उघडी पडली असेल तर नवा बसवावा, आणि त्याची हद्द पुन्हां मुठीनें पाहून वहींत लिहावी.